ध्येय लिहिलं, पण ते करणार कोण?

काही वर्षांपूर्वी ध्येयनिश्चितीच्या एका दिवसभराच्या कार्यशाळेला मी गेले होते. प्रत्येकाच्या हातात एक छापील कागद होता. वर वर्षाची तीन ध्येयं, खाली महिने, त्याखाली आठवड्याच्या चौकटी. माझ्या शेजारच्या बाईंनी पहिली ओळ क्षणात भरली : अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण करायची. बऱ्याच वर्षांपासून मनात असलेली गोष्ट असावी, अक्षरसुद्धा ठाम होतं. मग त्या चौकटींपाशी आल्या आणि पेन थांबलं. शेवटी हात वर करून त्यांनी विचारलं, “सर, संध्याकाळी सहानंतरचा वेळ माझ्या हातात नसतो. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, मुलगा लहान आहे. मग हे कुठं मांडायचं?”

सर भले गृहस्थ होते. त्यांनी मनापासून उत्तर दिलं, “खरंच हवं असेल तर वेळ काढता येतो, ताई. चोवीस तास सगळ्यांना सारखेच मिळतात.” बाईंनी मान हलवली आणि पहाटे चार ते सहा या चौकटींवर आडवी रेघ ओढून ‘अभ्यास’ असं लिहिलं.

ती रेघ माझ्या मनातून अजून गेलेली नाही. या बाई रात्री झोपतात किती वाजता, हे त्या खोलीत कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

चोवीस तास सगळ्यांना सारखे मिळतात, हे वाक्य इतकं घासून गुळगुळीत झालं आहे की ते खरं आहे का, हे तपासायची कुणाला गरज वाटत नाही. ते खरं नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८च्या अहवालात ६४ देशांतल्या वेळवापराच्या नोंदी एकत्र केल्या आहेत. घरकाम आणि माणसांची देखभाल या बिनपगारी कामासाठी बाईचे दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं जातात, पुरुषाचा १ तास २३ मिनिटं. फरक तीन तासांचा. आठवड्याला एकवीस तासांहून जास्त. एवढ्या तासांत एक पदवी सहज पूर्ण होते. आणि हा हिशेब फक्त बाई-पुरुषांचा झाला. उद्याची पाळी कोणती हे ज्याला आदल्या रात्री कळतं त्याचे तास, दोन नोकऱ्या करणाऱ्याचे तास, आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्याचे तास, हे सगळे घड्याळात सारखेच दिसतात. हातात मात्र सारखे येत नाहीत.

ध्येय ठरवण्याच्या, कामं लावून घेण्याच्या सल्ल्याशी माझं वैर नाही. मी स्वतः यादीशिवाय दिवस काढू शकत नाही, आणि नेमकं लिहिलेलं काम मोघम इच्छेपेक्षा जास्त वेळा तडीस जातं हे मी अनुभवलं आहे. माझी तक्रार वेगळी आहे. हा सल्ला आपल्यापर्यंत पोचेपर्यंत त्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटेत गळून पडला : हे काम कोण करणार, आणि त्यासाठीचे तास कुणाच्या खात्यातून जाणार? तो प्रश्न गळाल्यामुळे चांगला सल्ला अनेकांसाठी ओझं झाला आहे.

तो गळाला कसा, हे एका अक्षराच्या गोष्टीतून नीट दिसतं. ‘स्मार्ट’ ध्येयांचं सूत्र बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. ते मांडलं जॉर्ज डोरन यांनी, नोव्हेंबर १९८१च्या ‘मॅनेजमेंट रिव्ह्यू’ मासिकातल्या एका छोट्या लेखात. लेख व्यवस्थापकांसाठी होता. कंपनीची उद्दिष्टं कशी लिहावीत, एवढाच त्याचा विषय. पाच अक्षरांचे पाच अर्थ : ध्येय नेमकं हवं, मोजता यायला हवं, वास्तवाला धरून हवं, त्याला मुदत हवी. आणि मधल्या ‘ए’चा अर्थ होता ‘असाइनेबल’, म्हणजे हे काम कुणाकडे सोपवलं आहे ते स्पष्ट हवं. आज भिंतीवरच्या तक्त्यांवर, शाळेच्या वह्यांत, मोबाइलमधल्या अ‍ॅपवर त्या ‘ए’ची फोड ‘अचीव्हेबल’ अशी दिसते, म्हणजे गाठता येण्याजोगं.

बदल किरकोळ वाटतो. माझ्या मते सगळी गोम त्यातच आहे. कंपनीच्या टेबलावर ‘कोण करणार?’ हा खरा प्रश्न असतो, कारण तिथे माणसं अनेक असतात आणि कामाची वाटणी करावी लागते. तेच सूत्र एकेकट्या माणसाच्या डायरीत आलं तेव्हा तो प्रश्न अनावश्यक वाटू लागला. करणार कोण? तूच. दुसरं कोण आहे? मग रिकाम्या झालेल्या जागेत ‘तुला जमेल का?’ हा प्रश्न येऊन बसला. वाटणीचा प्रश्न गेला, कुवतीचा आला. काम झालं नाही तर आता चूक वाटणीत शोधली जात नाही, माणसात शोधली जाते. ‘वास्तवाला धरून’ ही अट सूत्रात आधीच होती, त्यामुळे ‘गाठता येण्याजोगं’ची भर घालून नवीन काही मिळालंही नाही. आणि एक गोष्ट : प्रत्येक उद्दिष्टाला पाचही कसोट्या लागू होतीलच असं नाही, हे डोरन यांनी स्वतः त्याच लेखात लिहिलं होतं. तेही वाटेत सांडलं.

आता संशोधनाकडे वळते, कारण या सल्ल्याच्या पाठीशी खरं संशोधन आहे आणि ते वाचण्यासारखं आहे. मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८मध्ये मांडलं की ‘जमेल तेवढं कर’ असं सांगण्यापेक्षा नेमकं आणि अवघड लक्ष्य दिलं तर माणूस जास्त काम करतो. गॅरी लेथम यांनी ते प्रत्यक्ष कामाच्या जागी तपासलं. अमेरिकेतल्या ओक्लाहोमामध्ये झाडांचे ओंडके वाहणारे ट्रक कायद्यानं परवानगी असलेल्या वजनाच्या साठेक टक्केच माल घेऊन येत. ओंडके सारखे नसतात, वजनाचा अंदाज नजरेनं घ्यावा लागतो, म्हणून भरणारा हातचं राखून भरतो. ‘जमेल तेवढं भरा’ हे सांगून झालं होतं. मग नेमका आकडा दिला गेला : ९४ टक्के. पुढे ट्रक ९० टक्क्यांच्या आसपास भरून येऊ लागले आणि ते प्रमाण टिकलं. हा अभ्यास १९७५मध्ये प्रसिद्ध झाला आणि लक्ष्याची ताकद दाखवायला आजही सांगितला जातो.

सांगताना त्याचा अर्धा भाग मात्र वगळला जातो. त्या चालकांना आधीच शब्द दिला होता की कुणाला जास्तीच्या खेपा माराव्या लागणार नाहीत, आणि आकडा वर जाऊन पुन्हा खाली आला तरी कुणावर कारवाई होणार नाही. बक्षीसही नव्हतं, कौतुकाचे शब्द तेवढे होते. पहिल्या महिन्यात भार ८० टक्क्यांवर गेला, दुसऱ्या महिन्यात ७० टक्क्यांवर उतरला, तिसऱ्यात ९०च्या पुढे. मधला उतार का आला? चालकांशी बोलल्यावर कळलं की ते कंपनीचा शब्द पारखून पाहत होते. मुद्दाम कमी भरलं तर खरंच काही करत नाहीत ना? काही केलं नाही हे दिसल्यावर त्यांनी मनापासून भरायला सुरुवात केली. मला हा सगळ्या गोष्टीचा गाभा वाटतो. आकडा कामाला आला, कारण भरण्याचा निर्णय चालकांच्या हातात होता, काम वाढलं नव्हतं आणि चुकल्यावर डोक्यावर टांगती तलवार नव्हती. या तीन गोष्टी काढून टाकल्या तर उरतो नुसता आकडा. त्याला आपण आजकाल टार्गेट म्हणतो.

नुसता आकडा काय करतो, तेही जगानं पाहिलं आहे. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत खाती उघडण्याची लक्ष्यं इतकी रेटली गेली की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६मध्ये ते उघड झालं, बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचं समोर आलं. त्यातली बहुतेक माणसं सकाळी फसवणूक करायची म्हणून घरातून निघत नसणार. संध्याकाळी आकडा दाखवायचा आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

खऱ्या संशोधनाच्या शेजारी एक दंतकथाही सर्रास फिरते. १९५३ साली येल विद्यापीठाच्या पदवीधरांपैकी ज्या तीन टक्क्यांनी आपली ध्येयं लिहून ठेवली होती, त्यांची वीस वर्षांनंतरची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त भरली, अशी ती कथा. त्या कार्यशाळेतही ती आम्हाला सांगितली गेली. असा अभ्यास झालेलाच नाही. शोध घेणाऱ्यांना तो कुठे सापडला नाही, आणि विद्यापीठानंही तसं सांगितलं आहे. एकवीस दिवसांत सवय लागते, ही त्याच जातीची समजूत. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात साधी रोजची सवय अंगवळणी पडायला मधोमध ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांतला फरक १८पासून २५४ दिवसांपर्यंतचा होता. चुकीचे आकडे फिरतात एवढंच असतं तर मी सोडून दिलं असतं. पण या कथा माणसाच्या मनात एक निवाडा पेरतात : ज्यांनी लिहिलं ते श्रीमंत झाले, म्हणजे जे झाले नाहीत त्यांनी लिहिलं नसावं. बाविसाव्या दिवशी व्यायाम चुकलेली मुलगी स्वतःला नालायक ठरवते, ती असल्याच एका आकड्याच्या भरवशावर. लॅलींच्या अभ्यासातलंच सांगायचं तर, मध्ये एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

नीटनेटकेपणाच्या या परंपरेचा आद्य पुरुष म्हणून अठराव्या शतकातले अमेरिकी छापखानामालक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांचं नाव घेतलं जातं. तेरा गुणांची यादी, त्यासाठी छोटी वही, दर आठवड्याला एका गुणावर लक्ष, चुकलं की काळा ठिपका. सकाळचा प्रश्न, आज मी कोणतं चांगलं काम करू? रात्रीचा, आज मी कोणतं चांगलं केलं? हे सगळं त्यांच्या आत्मचरित्रात आहे आणि ते वाचून आजही उत्साह येतो. पण त्याच पानांवर त्यांनी कबूल केलं आहे की तेरांपैकी ‘व्यवस्था’ या गुणानं त्यांना सर्वांत जास्त छळलं. वस्तू जागच्या जागी आणि काम ज्या त्या वेळी, हे काही जमेना. कारण काय दिलं, तर ज्याचा वेळ स्वतःच्या हातात आहे अशा माणसाला हे जमू शकेल, उदाहरणार्थ पगारावर काम करणाऱ्या छपाई कारागिराला. ज्याला जगात मिसळावं लागतं, लोक त्यांच्या सोयीनं येतील तेव्हा भेटावं लागतं, त्या मालकाला ते काटेकोरपणे पाळणं शक्य नाही.

आज आपण ज्याला नियोजनाचा गुरू मानतो, तो माणूस अडीचशे वर्षांपूर्वी सरळ सांगतो आहे की वेळ दुसऱ्याच्या हातात असेल तर वेळापत्रक पाळता येत नाही. आणि हे बोलणाऱ्या फ्रँकलिन यांच्या दुकानात पुस्तिका घडी घालून शिवणं, गिऱ्हाईक सांभाळणं, कागदासाठी जुन्या चिंध्या विकत घेणं ही कामं त्यांची पत्नी डेबोरा करत होती. तेही त्यांनीच कौतुकानं लिहून ठेवलं आहे. त्यांच्या घरात गुलाम म्हणून राबणारी माणसंही होती. तेरा गुणांच्या वहीत या लोकांच्या तासांना रकाना नाही. डेबोरा यांनी सकाळी स्वतःला कोणता प्रश्न विचारला असेल, याचा विचार मी अनेकदा करते.

यावर एक आक्षेप येणार आणि तो मला गंभीरपणे घ्यायचा आहे. असं बोलत राहिलं तर प्रत्येकाला निमित्त मिळेल. परिस्थिती, घर, साहेब, सगळ्यांवर बोट दाखवता येईल आणि माणूस जागचा हलणार नाही. जे थोडं हातात आहे तिथून तरी सुरुवात करा, हे सांगण्यात काय चूक? काहीच चूक नाही. पण जे थोडं हातात आहे ते नेमकं किती, हे मोजल्याशिवाय तिथून सुरुवात कशी करणार? माझा आग्रह मोजण्याचाच आहे. आपल्या हातात दिवसाचे फक्त चाळीस मिनिटं आहेत, हे ज्याला कळलं त्याच्याकडे निमित्त नसतं. त्याच्याकडे चाळीस मिनिटं असतात आणि त्यांचं काय करायचं ते तो ठरवू शकतो. चार तास आहेत असं समजून जो वही भरतो, तो रोज संध्याकाळी हरतो आणि महिन्याभरात वही बंद करतो. अशा बंद पडलेल्या वह्या प्रत्येक घरात असतील. त्या आळसाच्या खुणा आहेत असं मला वाटत नाही.

मोजताना आपण चुकतो, आणि एकाच दिशेनं चुकतो. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४मध्ये प्रबंध संपवत आलेल्या ३७ विद्यार्थ्यांना विचारलं, अजून किती दिवस लागतील? सरासरी उत्तर ३४ दिवस. आणि सगळं बिघडलं तर? जवळपास ४९. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. अगदी वाईटातला वाईट अंदाजसुद्धा खोटा पडला. म्हणून माझ्या मते नियोजनाच्या वहीचं पहिलं पान येणाऱ्या वर्षाचं नसावं, गेलेल्या आठवड्याचं असावं. सात दिवसांत वेळ कुठे गेला ते जसं घडलं तसं लिहायचं, सुधारून लिहायचं नाही. त्यातले कोणते तास खरोखर स्वतःचे होते, कोणते दुसऱ्याच्या हाकेला बांधलेले होते, आणि कोणते नुसते थकव्यात गेले. थकव्यातले तास ‘वाया गेले’ म्हणून अभ्यासाला देऊन टाकायची घाई नको. थकलेल्या माणसाला ते लागतात. त्यानंतर कोणतं काम बंद करणार, कोणतं कमी करणार, कोणतं दुसऱ्याला देणार. ध्येय लिहायचं ते यानंतर.

एवढं झालं की बाकीच्या युक्त्या खूप कामाला येतात. जर्मनीत पीटर गोल्विट्झर आणि वेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी १९९७मध्ये दाखवलं की सुट्टीच्या दिवसांत एक छोटा वृत्तान्त लिहून पाठवायचं काम ज्या विद्यार्थ्यांनी ‘कधी आणि कुठे बसून लिहिणार’ हे आधी ठरवलं, त्यांच्यात ते वेळेत पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण तसं न ठरवणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त होतं. जेवण आवरलं की खिडकीजवळच्या खुर्चीत पुस्तक उघडायचं, असं ठरवलेलं वाक्य ‘रोज वाचन करीन’पेक्षा कितीतरी बळकट असतं. फक्त ती खुर्ची आणि ती वेळ आपली असायला हवी.

संस्थांबद्दलही बोलायला हवं, कारण ध्येयाचे छापील कागद वाटतात त्या संस्था. वर्षाच्या सुरुवातीला नवी उद्दिष्टं देताना जुनी कामं कोणती काढून घेतली, हे लिहायची पद्धत फार कमी कार्यालयांत आहे. गेल्या वर्षीची आठ कामं तशीच, वर चार नवी, आणि सोबत वेळेच्या व्यवस्थापनाचं एक प्रशिक्षण. त्या प्रशिक्षणाला गेलेला अर्धा दिवससुद्धा घरी जाऊन भरून काढायचा. शाळांतही तेच. मुलाला ‘तुझं ध्येय लिही’ म्हणून कागद द्यायचा आणि त्याचा दिवस शाळा, शिकवणी, गृहपाठ यांत आधीच वाटून टाकलेला. माझी मागणी साधी आहे. जो कुणी दुसऱ्याला ध्येय लिहायला लावतो, त्यानं त्याच कागदावर दोन रकाने वाढवावेत : यासाठी कोणतं काम कमी केलं, आणि कोण मदत करणार. हे रकाने कागद देणाऱ्यानं भरायचे आणि खाली सही करायची. ते भरता येत नसतील तर तो कागद वाटू नये.

स्वसाहाय्य या शब्दाची सुरुवात तरी अशीच होती. सॅम्युअल स्माइल्स यांचं ‘सेल्फ-हेल्प’ १८५९मध्ये आलं आणि या सगळ्या प्रकाराला त्यानं नाव दिलं. पण ते पुस्तक ज्यातून उगवलं ती गोष्ट स्माइल्स यांनी प्रस्तावनेत सांगितली आहे. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात दोन-तीन गरीब कामगार मुलं हिवाळ्यातल्या संध्याकाळी एकत्र बसून एकमेकांना शिकवू लागली. ज्याला जे येत होतं ते त्यानं दुसऱ्याला द्यायचं. मंडळी वाढली, खोली पुरेना, तेव्हा त्यांनी पूर्वी कॉलऱ्याचं तात्पुरतं रुग्णालय असलेली एक कळकट जागा भाड्यानं घेतली. मंडळी शंभराच्या घरात गेल्यावर त्यांनी स्माइल्स यांना बोलायला बोलावलं. पुढे पुस्तक जगभर गेलं, शब्द जगभर गेला. एकमेकांना शिकवणारी ती मंडळी मात्र मागे राहिली, आणि ‘स्वतःला मदत’ म्हणजे ‘एकट्यानं’ असा अर्थ उरला.

त्या कार्यशाळेत आम्ही चाळीसेक जण होतो. बाईंच्या प्रश्नाला एकट्या सरांनीच उत्तर द्यायची काहीच गरज नव्हती. आज ती खोली पुन्हा मिळाली तर मी त्यांना पहाटेची रेघ खोडायला सांगेन. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, सहा ते आठ, आजाऱ्याजवळ दुसरं कोण बसू शकेल हे विचारेन. नवरा, नणंद, भाऊ, शेजारीण, कुणीही. मग त्या माणसाचं नाव ‘अभ्यास’ या शब्दाच्या शेजारी, त्याच चौकटीत लिहायला सांगेन. आणि नाव सुचलं नाही, तर कागद तसाच घडी करून ठेवू, मागच्या बाकांवर पदवी अर्धवट राहिलेलं आणखी कोण आहे ते हात वर करून विचारू, आणि त्यांना आमच्या टेबलाशी बोलावू.